पाण्याला बंदी असलेला कोपरा

सुखदेव, परवा मी तुझ्या चुन्याच्या बादलीत मोबाईल पाडला.

मुद्दाम नाही पाडला. चुन्यावर चार बोटं पाणी कायम राहिलं पाहिजे असं तू बजावून गेला होतास, म्हणून रोज सकाळी शाळेत जायच्या आधी मी वाकून बादलीत पाणी घालतो. तुला जाऊन चौदा दिवस झाले, एक दिवस चुकवलेला नाही. परवा मात्र ओसरीच्या उरलेल्या अकरा फरश्यांची दिशा पाहावी म्हणून मोबाईलवर होकायंत्र उघडलं, ते तसंच वरच्या खिशात ठेवलं आणि वाकलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं वरच्या खिशात काही ठेवून वाकू नये, एवढी अक्कल भूगोलाच्या मास्तरला असायला हवी. डुबुक.

काढला, लुंगीला पुसला, वाळावा म्हणून त्याचं कव्हर काढलं. तेच, पाकिटासारखं मिटणारं, झाकणात लोहचुंबक असलेलं. चिखलीच्या बाजारातून मी हौसेनं घेतलं होतं. कव्हर निघालं आणि पडद्यावरची सुई वळली. चक्राचा आठवा हिस्सा. मी कव्हर परत चढवलं, सुई परत जुन्या जागी. काढलं, वळली. चढवलं, फिरली. असं किती वेळा केलं कोण जाणे. दारातून सुनंदा पाहत होती.

"अहो, मोबाईल वाळवून राह्यले का नाचवून राह्यले त्याले?"

मी सुईकडेच पाहत होतो. कागदावर आठवा हिस्सा म्हणजे काहीच नाही, पण घराच्या नकाशावर तो एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जातो. आणि कोणता कोपरा, ते तुला ठाऊक आहे. आठ दिवस तू त्याच कोपऱ्यात बसला होतास.

माझी उत्तर दिशा चुकीची होती, सुखदेव. पहिल्या दिवसापासून. ज्यानं अठ्ठावीस वर्षं पोरांना फळ्यावर दिशा काढून दाखवल्या, त्या माणसाची.

तू हे तेव्हाच म्हणाला होतास. म्हणून तर हे लिहायला बसलोय. घरातलं काहीही तिखटमीठ लावून सांगायचं काम आमच्यात माझ्याकडे असतं. लग्नात, बारशात, तेरवीत, कुठंही मला बसवतात आणि मी लोकांना हसवतो. ही गोष्ट मात्र सुनंदा आणि वहिनी सोडून मी अजून कोणाला सांगितलेली नाही. आता तुला सांगतोय, आणि ती तुला आधीच माहीत आहे.

आठवतंय ना, घर बांधायचं ठरलं ते मनूच्या छातीमुळं. चिखलीतल्या भाड्याच्या घराला मालकानं नवा रंग दिला, प्लायवूडची कपाटं ठोकली, खिडक्या सरकत्या काचेच्या केल्या. आम्ही खूश. आणि महिन्याभरात माझी एकोणीस वर्षांची पोरगी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून श्वास शोधायला लागली. डॉक्टरांनी तोंडात ओढायचा पंप दिला. तो पंप तिच्या पर्समध्ये आहे की नाही हे दिवसातून दहादा तपासणारा बाप कसा असतो, ते तू जवळून पाहिलंस. पुण्याच्या साडूंनी तेव्हाच ते पुस्तक पाठवलं. निसर्गातलं साहित्य, निरोगी घर, फेंगशुई. लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. कोणत्या दिशेला काय वापरायचं, कशातून प्राण वाहतो, कशात अडतो. मी ते परीक्षेला बसल्यासारखं वाचलं. चार रंगांच्या पेनांनी रेघा ओढल्या.

आणि देऊळघाटला तुझ्याकडे आलो. काखेत पुस्तक, पिशवीत तो हसणारा, ढेरी सुटलेला पुतळा, घर सुरू करताना आणावा म्हणून. तू तो हातात घेऊन उलटापालटा केलास.

"हा कोन बे?"

"हसणारा बुद्ध. चिनी."

"आमचा बुद्ध असा पोट सोडून बसत नाही, मास्तर." तू कमलवहिनींना हाक मारलीस. "अवं, पाय वं, मास्तरनं पाव्हना आनला." मग पुतळा माझ्या हातात परत देत म्हणालास, "माह्या बापानं तेहतीस कोटी सोडले, अन् तू चीनहून नवे आनून राह्यला. हाव, चालू दे. पन भिती कायच्या करतं ते सांग."

मी पुस्तक उघडलं. माती. चुना. सच्चं लाकूड. दगड. प्लास्टिकचा रंग नको, पीव्हीसीचे पत्रे नको, प्लायवूड नको. एकेक शब्द वाचत होतो आणि तुझा चेहरा बदलत होता. शेवटी तू हसायला लागलास ते थांबेचना. हसता हसता खोकलास. तो खोकला मी तेव्हाही ऐकला होता, हे आज लिहून ठेवतो.

"का बे, हे चिन्याईनं लिवलं? हे तर माह्या आज्याचं काम होय! पांढरी माती, चुना, लिंबाचं लाकूड. लोकाईनं मले तीस वर्सं सिमेट कालवाले लावलं, अन् आता तू पुस्तक घेऊन आला."

आपण दोघं शाळेत एका बाकावर बसायचो. मी पुढं शिकलो आणि मास्तर झालो. तू सातवीनंतर बापाच्या हाताखाली थापी धरलीस. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आपण पुन्हा एका बाकावर आलो.

तुझं काम पाहणं हा माझा त्या दोन वर्षांतला खरा आनंद होता. चुन्याची ढेकळं खड्ड्यात टाकून पाणी सोडलंस तेव्हा ती आतून उकळायला लागली आणि मी चार पावलं मागं सरलो. "भेऊ नको, तो राग काढून राह्यला. एक महिना पान्यात ठेवू, मंग शांत होते." महिनाभर मुरवलास. मग बेलाच्या फळांचा गर, मेथीचं पाणी, गूळ. सुनंदा म्हणाली, भिंत करून राह्यले का लाडू? तू भिंतीवर त्या मालाचा हात फिरवायचास, वाळू द्यायचास, गुळगुळीत गोट्यानं घासायचास, पुन्हा पाणी मारायचास, पुन्हा गोटा. एका भिंतीला पाच पाच दिवस. मी विचारलं, रंगाचा एक डबा आणला तर? तू म्हणालास, "प्लास्टिकचा रंग म्हनजे भितीले रेनकोट. तुले घालू का उन्हाळ्यात? जवळ ये. नाक लाव." मी नाक लावलं. ओल्या मातीचा आणि बेलाचा वास. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, मास्तर भिंतीचा मुका घेऊन राह्यला.

वाद मात्र रोजचा. पुस्तक म्हणतं पश्चिमेला धातू, म्हणून मी तांब्याचा हंडा आणून ठेवला. सुनंदानं तो दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात नेला आणि पाणी भरलं. पुस्तक म्हणतं दरवाजा पूर्वेला लाकडाचा, तर शेतात पडलेल्या कडुलिंबाचा दरवाजा तू केलास, पण चौकट ठोकताना पुटपुटलास, "हे पूर्व नोहे."

तोच तो वाद. आखणीच्या दिवशी सुरू झालेला. उन्हाळ्यातली सकाळ, तू खुंट्या ठोकून सुतळी ताणत होतास. मी मोबाईल हातावर आडवा धरून, पंचांग पाहिल्यासारखा गंभीर.

"मास्तर, सूर्य तिकडून उगवला. तुह्या मशीनची पूर्व इकडं कशी?"

"सूर्य रोज एकाच जागी उगवत नाही, सुखदेव. उत्तरायण, दक्षिणायन. सहावीत होतं आपल्याला."

"मी पन होतो बे सहावीत."

"मग विसरलास."

विसरलो मीच होतो. सूर्य सरकतो हे खरं. पण उन्हाळ्यात तो पूर्वेच्या उत्तरेकडे सरकतो, आणि माझ्या मशीनच्या पूर्वेवरून पाहिलं तर तो दक्षिणेकडे उगवत होता. हे मला परवा, ओला मोबाईल हातात धरून कळलं. वर्गात एखाद्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर त्याला बाकावर उभं केलं असतं. तू एवढंच केलंस की माझ्याकडे दोन घडी पाहिलंस, सुतळी सोडलीस आणि मी दाखवलं तिकडे पुन्हा ताणलीस. मला वाटलं, पटलं. गेली दोन वर्षं मी समजत होतो की तो वाद मी जिंकला.

आता त्या कोपऱ्याचं लिहितो. फार वेळ टाळलं.

फरशीचं काम निघालं ते हिवाळ्यात, आम्ही राहायला आल्यावर. दगडी फरशी, कारण चिनी मातीच्या टाईल्स मला नको होत्या. ती कुठं बसून कापायची, एवढा साधा प्रश्न. तू सावली पाहून नळाजवळची जागा धरलीस. पिशवीतून ती तुझी बाटली काढलीस, झाकणाला खिळ्यानं भोक पाडलेली. कटर फिरायला लागला की डाव्या हातानं बाटली दाबायची, पात्यावर धार सोडायची, म्हणजे धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसते. हे मी तुला दुसऱ्यांच्या घरी करताना पाहिलेलं होतं. ते कशासाठी असतं, हे मला माहीत होतं. तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही.

पण मी पुस्तक घेऊन आलो.

"इथं नको. दगड म्हणजे माती-तत्त्व. अग्नीतून माती जन्मते. तेव्हा फरशी अग्नीच्या दिशेला कापली पाहिजे. दक्षिणेला. त्या कोपऱ्यात."

"चाल तिकडं बसतो. मले काय."

"आणि पाणी नको."

तू बाटली खाली ठेवलीस. "काऊन?"

"अग्नीच्या जागी पाणी सोडलं तर अग्नी विझतो. शिवाय मनूची खोली त्या कोपऱ्याला लागून आहे."

खरं सांगू? पुस्तकात असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. फरशी कुठं कापावी हा विषयच त्यात नव्हता. एका पानावरचं अर्धं वाक्य आणि दुसऱ्या पानावरचं अर्धं जोडून ते मी काढलं होतं. मी पुस्तकाच्याही पुढं गेलो होतो. भ्यालेल्या माणसाची बुद्धी फार चालते.

तू मला विचारलंस, अजून कानात आहे, "मास्तर, तुह्या पुस्तकात राहनाऱ्याचं लिवलं हाये. बांधनाऱ्याचं लिवलं हाये का काही?"

आणि मी, देवाशपथ, पानं चाळली. चाळून म्हणालो, "पुढच्या भागात असेल."

तू हसलास. उपरणं सोडून तोंडाला बांधलंस आणि त्या कोपऱ्यात जाऊन बसलास. आठ दिवस. कोरडा कटर, कोरडा दगड. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा तू पांढरा व्हायचास. भुवया, कान, पापण्या. जेवायला बसताना आधी बाहेर जाऊन खोकायचास, मग हात धुवायचास. मी मनूच्या खोलीच्या खिडक्यांना ओली चादर बांधली होती, धूळ आत जाऊ नये म्हणून. खिडकीच्या आतल्या बाजूला माझी पोरगी आणि बाहेरच्या बाजूला तू. मध्ये माझी चादर. हे दृश्य मला तेव्हा दिसलं नाही. आता डोळे मिटले की दुसरं काही दिसत नाही.

पाचव्या दिवशी मी म्हणालो, "सुखदेव, बिडी कमी कर रे."

"बिडी? दहा वर्सं झाले बे सोडून."

दहा वर्षं. एका बाकावर बसलेल्या मित्राची बिडी सुटून दहा वर्षं झाली, आणि मला त्याचा पत्ता नाही. तरी मी आणखी काही विचारलं नाही. एवढंच म्हणालो, बरं केलंस.

मग तू मधेच दम खायला बसायला लागलास. शेवटच्या हाताला गोटा फिरवताना भिंतीला कपाळ टेकवायचास. ओसरीच्या अकरा फरश्या राहिल्या असताना एका सकाळी तू आला नाहीस. कमलवहिनींचा निरोप आला, बुलढाण्याला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला. छातीत दगडाची धूळ बसली होती, वर्षानुवर्षांची. ते म्हणाले, ही आजची गोष्ट नाही, तीस वर्षांत हळूहळू झालेलं आहे. मला त्या वाक्यानं हायसं वाटलं. सुखदेव, याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तू खाटेवर बसून श्वास ओढत होतास, तुला आडवं होता येत नव्हतं, आणि मी मनात तीस वर्षांतून आठ दिवस वजा करत होतो.

शेवटची भेट. तुझ्या नाकाला नळी. मी सोयाबीनचं बोललो, शाळेच्या नव्या हेडमास्तरचं बोललो, तुला हसू येईल म्हणून त्यांच्या चालण्याची नक्कल केली. तू हसलास आणि त्या हसण्याची किंमत तुला पुढची पाच मिनिटं मोजावी लागली. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीत आक्रसलो. त्या पाण्याचं विचारावं असं चारदा ओठावर आलं. चारदा गिळलं. निघताना तू हात धरलास. मला वाटलं, आता बोलणार.

"चुन्यावर पानी ठेवजो. सुकला तं मरते तो."

एवढंच. आणि जरा थांबून, "मनूचा पंप?"

"कमी लागतो आता. या महिन्यात दोनदाच."

तू डोळे मिटून मान हलवलीस. मुरलेल्या चुन्यात बोट बुडवून, तो बरोबर आला की हलवायचास, अगदी तशी.

परवा, कव्हर काढलेला मोबाईल घेऊन मी त्या कोपऱ्यात उभा राहिलो. दक्षिण नव्हे, आग्नेय. मग पुस्तक काढलं. पान सापडेना. सापडलं. आग्नेय, लाकूड-तत्त्व. आणि खाली, मीच हिरव्या पेनानं अधोरेखित केलेलं: लाकडाला पाणी पोसतं.

म्हणजे ज्या कोपऱ्यात मी पाण्याला बंदी केली, तिथं त्याच पुस्तकाच्या हिशेबानं पाणी शुभ होतं. तुझी ती भोक पाडलेली बाटली शुभ होती. मी ते पान तीनदा वाचलं. खिडकीत तो ढेरीवाला बसलेला होता, हसत. मी त्याला उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला.

सुनंदाला सगळं सांगितलं. तिनं पुस्तक मिटून ठेवलं. मग म्हणाली, "वहिनीले सांगितलं?"

"काय सांगू? आता सांगून काय होणार आहे?"

"उद्या परवा त्याच येऊन राह्यल्या अकरा फरश्या बसवाले. निरोप आला सकाळी. अन् त्या येतीन तं कुठं बसतीन?"

तुझ्या हाताखाली वीस वर्षं माल कालवणारी, फरशी धरणारी बाई. तिच्याही छातीत तीच धूळ असणार. तुझं राहिलेलं काम पुरं करायला ती येणार, तुझाच कटर घेऊन, आणि मास्तरच्या घरचा नियम तिला पाठ असणार. कोपऱ्यात बसायचं. पाणी नाही.

मी शाळेत सुट्टीचा अर्ज टाकला आणि देऊळघाटची एसटी धरली. वाटेत वाक्यं जुळवली. नेहमीप्रमाणं थोडी गमतीची सुरुवात, बादली, डुबुक, मग हळूच मुद्द्यावर. तुझं घर दिसलं आणि सगळी वाक्यं गेली.

वहिनी ओट्यावर बसून तुझी अवजारं पुसत होत्या. थापी, रंधा, ओळंबा. गोटा फडक्यात गुंडाळलेला. मला पाहून उठल्या नाहीत. "या भाऊजी" म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

मी उभ्यानंच सांगितलं. कव्हर, चुंबक, दिशा, पान. एकही गंमत न करता. माझ्या आयुष्यात मी इतकी सरळ गोष्ट सांगितली नसेल. शेवटी म्हणालो, "पाण्याची बंदी माझी होती वहिनी. आणि तीसुद्धा चुकीच्या कोपऱ्यात."

ओळंब्याची दोरी त्यांनी बोटाभोवती गुंडाळली. पूर्ण गुंडाळून झाल्यावर बोलल्या.

"दिशा चुकली ते त्यायले मालूम होतं. पहिल्या दिवशीच घरी येऊन हसत होते. म्हने, मास्तरची पूर्व चोरीले गेली."

"मग तो बोलला का नाही?"

"बोल्ले नाही का? तुमी सहावीचं पुस्तक काढलं म्हने." त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. "अन् पान्याचं मी भांडले त्यायच्यासंग. म्हनलं, कोरडं काऊन कापून राह्यले? उद्यापासून जाऊ नका. तं म्हने, मास्तर पुस्तकाले नाही भेत, पोरीच्या छातीले भेते. भेलेल्या मानसासंग वाद नाही घालत मी. मी म्हनलं, अन् तुमच्या छातीचं? तं हसले. म्हने, ते पुढच्या भागात हाये."

मी ओट्याच्या कडेला बसलो. तुझ्या अंगणातल्या कोंबड्या माझ्या चपलेभोवती फिरत होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. डॉक्टरांचं ते वाक्य मनात आलं, तीस वर्षांचं. वहिनींना बहुतेक ते दिसलं.

"डॉक्टर मले पन म्हनले, जुनं हाये. असन. तीस वर्सं कोनाकोनाच्या घरी बसले ते, कोनी पानी दिलं, कोनी नाही दिलं. तुमचे आठ दिवस त्याच्यात किती, ते मले नाही मोजता येत. तुमाले पन नाही येनार. माफी मागाले आले असान तं चहा घ्या अन् जा भाऊजी. कामाचं बोलाले आले असान तं एकच सांगा. उद्या पानी राहीन का?"

"राहील," मी म्हणालो.

"मंग चहा घ्या अन् मंग जा."

चहा घेतला. कडक होता, साखर कमी. त्या तुझ्या बाटलीचं झाकण काढून भोकात अडकलेली माती खिळ्यानं टोकरत होत्या. बाटली त्यांनी फेकली नव्हती.

सुखदेव, तुझे आभार मानायचे तर कशाचे मानू? भिंतीचे मानतो. मनू त्या भिंतीला पाठ लावून अभ्यास करते, खिडकी उघडी टाकून. सुट्टीत तिच्या मैत्रिणी आल्या की भिंतीला हात लावून विचारतात, हा कोणता रंग? ती सांगते, रंग नाही, सुखदेवकाका आहेत. मला ते ऐकवत नाही, मी बाहेर जातो. तुझ्या हातानं माझी पोरगी श्वास घेतेय हे खरं, आणि त्याच घरात मी तुझ्या श्वासाला आडवा आलो हेही खरं. दोन्ही एकाच भिंतीत आहेत. वेगळं काढायला गेलो तर भिंत पडेल. तू असतास तर म्हणाला असतास, "लई बोलते बे मास्तर, माल धर इकडं."

आज सकाळी वहिनी आल्या. पहिल्या एसटीनं, डोक्यावर कटरची पेटी, सोबत तुझी पिशवी. सुनंदानं कालच दोघींसाठी नाकातोंडावर बांधायच्या जाड पट्ट्या आणून ठेवल्या होत्या आणि नळापासून अंगणापर्यंत रबरी पाईप ओढून ठेवला होता. मला काहीच काम उरलं नव्हतं. फरश्यांची चळत उघडताना वहिनींनी वरच्या फरशीवर तळहात ठेवला. तुझ्या पेन्सिलीची खूण होती तिच्यावर, कापायच्या जागेची. त्यांनी ती पुसली नाही. त्याच खुणेवर कापणार म्हणाल्या.

मग त्यांनी अंगणात नजर फिरवली. "कुठं बसू भाऊजी?"

आणि सुखदेव, तू हसशील. हसच. माझा हात आपोआप खिशात गेला. कव्हर नसलेला मोबाईल काढून मी तळहातावर आडवा धरला. यावेळी तरी नेमकी दिशा द्यावी, एकही अंश इकडंतिकडं नको, असं काहीतरी डोक्यात होतं. मी एक पाऊल डावीकडे गेलो, सुई थरथरली, पुन्हा उजवीकडे आलो. वहिनी कटर हातात घेऊन उभ्या. सुई काही स्थिर होईना.

सुनंदा आली. तिनं माझ्या हातातून मोबाईल काढून घेतला, कमरेला खोचला आणि तुझी ती भोक पाडलेली बाटली, काठोकाठ भरून, माझ्या हातात दिली.

"हे धरा," ती म्हणाली. "अन् वहिनीचं तोंड कोनीकडं हाये, तेवढीच दिशा पाहा."